नीलगिरीवर राहिलेले हिमालयाचे आप्त

हिमयुगात आल्प्स पर्वत बर्फाखाली दडपला गेला, तेव्हा तेथील डोंगरी फुलझाडांचे काय झाले, हा वाद वनस्पतिशास्त्रज्ञांत फार वर्षे चालला. एक पक्ष म्हणे, ती पर्वताच्या कडेस उतरून वाचली व बर्फ वितळल्यावर पुन्हा वर चढली. दुसरा म्हणे, बर्फातून डोके वर काढणाऱ्या उघड्या सुळक्यांवरच काहींनी तग धरला. २००१ मध्ये झुरिचच्या अभ्यासकांनी एरिट्रिकियम नानम या निळ्या फुलांच्या इवल्याशा वनस्पतीचे आनुवंशिक द्रव्य तपासले, आणि निदान तिच्यापुरता कौल सुळक्यांच्या बाजूने पडला.

सिकंदराबादच्या उन्हात आम्हांस हा वाद परका वाटेल. दख्खनवर त्या काळी बर्फ नव्हतेच. परंतु निवाऱ्याचा प्रश्न आपल्याकडेही आहे, आणि तो नेमका उलटा आहे.

नीलगिरी, पळणी व अन्नामलाई यांच्या माथ्यांवर तांबड्या फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन वाढतो. त्याचे सख्खे भाईबंद हिमालयात. मध्ये सुमारे दोन हजार किलोमीटरांचा उष्ण प्रदेश! मग हा दक्षिणेत आला कसा?

प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९४० नंतरच्या दशकात ओढ्यांतील माशांवरून असे मत मांडले, की थंड व ओलसर काळी पूर्व हिमालयातील जीव सातपुड्याच्या रांगेने सह्याद्रीस पोचले. काहींनी वनस्पतींसही हीच वाट लावून पाहिली. पण १९९३ मध्ये रामन सुकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी नीलगिरीच्या दलदलीतील कुजलेल्या पाल्याचे थर तपासले. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी तेथील हवा कोरडी होती, असे त्यांतून निघाले. म्हणजे शेवटच्या हिमकाळापुरती तरी ती ओली वाट आम्हांस संशयास्पद वाटते. ऱ्होडोडेंड्रॉनचे बी मात्र धुळीसारखे बारीक, वाऱ्यावर उडणारे असते, हे विसरता येत नाही.

सिंहलद्वीपातही हा वृक्ष आहे. तेथला उलगडा सोपा: हिमकाळी समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेल्याने ते बेट भारतास जमिनीने जोडलेले होते. (आमच्या कोकणचा किनाराही तेव्हा पुष्कळ पश्चिमेस होता.)

पुढे ऊब वाढली, आणि थंडीचा हा सोबती डोंगरमाथ्यांवरच राहिला. आल्प्सच्या फुलाने बर्फापासून आसरा शोधला, याने उन्हापासून. आता हवा आणखी तापत आहे आणि दोड्डबेट्टा २६३७ मीटरांवर संपतो. भोवतालची पुष्कळ कुरणे इंग्रजी अमदानीपासून चहा, वॅटल आणि ऑस्ट्रेलियातून आणलेल्या त्या झाडाखाली गेली आहेत, ज्यास आपण ‘निलगिरी’च म्हणतो.