सेकंदाला बारा हजार दात आणि बाजरीएवढा एक खडा

रिमोटची गाडी म्हटल्यावर दिवाणखान्यात सोफ्याखाली जाऊन अडकणारी पाव किलोची गाडी डोळ्यांसमोर आली असेल, तर ती बाजूला ठेवा. ट्रॅक्सस कंपनीची एक्स-मॅक्स घ्या. लांबी पाऊण मीटरच्या वर, वजन पावणेनऊ किलो, चाकाचा व्यास आठ इंच, वेग ताशी ८० किलोमीटर! अमेरिकेत किंमत हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे आयातशुल्क भरायच्या आधीच ही गाडी लाखाच्या घरात गेली. आकार खऱ्या गाडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याचा. आकारासोबत वेगही पाचपट करून बघा: ताशी ४००. मुंबई-पुण्याचे दीडशे किलोमीटर साडेबावीस मिनिटांत!

आता बॉडी उचलून आत डोकावू. बॅटरी २९.६ व्होल्टची. मोटर दर व्होल्टमागे मिनिटाला १२०० फेरे मारणारी. गुणाकार करा: मिनिटाला ३५,५२०, सेकंदाला ५९२ फेरे. (हे बिनभाराचे फेरे, भार आला की थोडे उतरतात.) जोरात ट्रिगर दाबला आणि मोटरनं १०० अँपिअर ओढले, तर झाले सुमारे ३ किलोवॅट, म्हणजे चार अश्वशक्ती. एवढ्या ताकदीचा पंप दहा मीटर खोल विहिरीवर बसवा. निम्मी शक्ती वाया गेली असं धरलं, तरी मिनिटाला ९०० लिटर पाणी वर येईल. उन्हाळ्यात ठाणे-डोंबिवलीच्या सोसायट्या ज्याची वाट बघतात तो दहा हजार लिटरचा टँकर अकरा मिनिटांत भरेल!

ही सगळी ताकद जाते कुठून? मोटरच्या दांडीवरच्या पिनियनमधून, म्हणजे छोट्या दातेरी चाकातून. वीस दात, एक मॉड्यूल (म्हणजे दातामागे व्यासाचा एक मिलिमीटर) असा पिनियन धरा. त्याचा व्यास २० मिलिमीटर, म्हणजे नव्या एक रुपयाच्या नाण्याएवढा. त्याची कड सेकंदाला ३७ मीटर धावते, म्हणजे ताशी १३४ किलोमीटर! हे नाणं रुळांवर उभं करून सोडलं तर ठाण्याहून कल्याण नऊ मिनिटांत. फास्ट लोकलला साधारण वीस लागतात. मुंबई-पुण्याच्या १९२ किलोमीटर लोहमार्गाला डेक्कन क्वीन तीन तासांहून जास्त घेते. हे नाणं दीड तासाच्या आत पुण्याला!

आणि त्या कडेवरचे दात? ५९२ गुणिले २०. सेकंदाला ११,८४० दात समोरच्या मोठ्या दातेरी चाकात, स्पर गिअरमध्ये, शिरतात आणि सुटतात. कल्याण-डोंबिवलीची २०११ ची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. माणशी एक दात धरला, तर सगळं शहर पावणेदोन मिनिटांत मोजून संपतं.

या धबडग्यात एक खडा येतो.

एक मॉड्यूलच्या दाताची उंची सव्वादोन मिलिमीटर. त्याहून बराच मोठा दगड दातांवर आपटून उडून जातो. पीठ झालेली धूळ हळूहळू झिजवते. खरा घात करतो तो दातांच्या मधोमध नेमका बसणारा, बाजरीच्या दाण्याएवढा, अडीच मिलिमीटरचा खडा. वजन २४ मिलिग्रॅम. गाडी त्याच्या साडेतीन लाख पटींहूनही जड! पाचशे टनांची रेल्वेगाडी घेतली, तर त्याच प्रमाणात तिला अडवणारा दगड भरेल जेमतेम १.४ किलोचा.

वर हा खडा आपल्याकडचा, म्हणजे काळा बेसॉल्ट. ताजा, न झिजलेला बेसॉल्ट चिरडायला चौरस सेंटिमीटरमागे दोन टनांच्या आसपास भार लागतो. स्पर गिअर प्लास्टिकचा असेल, तर त्याच्या दाताची काय बिशाद! कट्‌कट्‌ आवाज कानावर पडून बोट ट्रिगरवरून उठायला पाव सेकंद तरी जातो. तेवढ्यात २,९६० दात फिरून गेलेले असतात, गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते आणि स्पर गिअर टकला झालेला असतो.

खडे आणून देतं तरी कोण? गाडीचीच चाकं. ताशी ८० ला टायरच्या कडेवरचा खडा गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ५०० पट ओढ सोसतो. साठ किलोचा माणूस तिथे बसवला तर त्याचं वजन तीस टन होईल, म्हणजे घोडबंदर रोडवरच्या भरलेल्या दहाचाकी ट्रकएवढं! त्या ओढीनं सुटलेला खडा पुढच्या चाकावरून थेट पोटाखाली.

म्हणून झाकणं. दीड मिलिमीटर जाडीचा, ए-फोर कागदाएवढा पॉलिकार्बोनेटचा पत्रा भरतो ११२ ग्रॅम, गाडीच्या वजनाच्या दीड टक्क्यालाही कमी. त्यातून गिअरकव्हर निघतं, चाकांमागचे मडगार्ड निघतात. दांड्यांभोवतीची फट दीड मिलिमीटरच्या आत ठेवायची, सांध्यांना रबरी बूट चढवायचे. उघड्या गिअरला ग्रीस मुळीच लावू नये, कारण ते खड्यांना धरून ठेवतं. पेट्रोलवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये, एचपीआय बाजासारख्या २३ सीसीच्या गाडीत, क्लचबेल तापते. तिला हवा हवीच, म्हणून तिथे बारीक जाळी. आणि माझं ठाम मत: कव्हरच्या तळाशी, मागच्या अंगाला एक मोठं तोंड ठेवाच. चुकून आत गेलेल्या खड्याला बाहेर पडायची वाट नसली, तर ते कव्हर खड्याला कोंडून गिअर खातं.

एवढा जामानिमा कशाला, असं वाटत असेल तर समोरचा शत्रू मोजू. एक ब्रास बारीक खडी म्हणजे शंभर घनफूट, साधारण सव्वाचार टन. त्यात बाजरीएवढे खडे सुमारे १८ कोटी. २०११ ला महाराष्ट्र होता ११.२४ कोटींचा. एका ब्रासमध्ये अख्खं राज्य, वर साडेसहा कोटी शिल्लक! सात ब्रास, म्हणजे दोन मोठे डंपर, आणि १२१ कोटींचा भारत पुरा.

हे झाले डंपर. आता ठाणे-कल्याणच्या आसपास मान वर करा. खाणींनी कोरलेला पारसिकचा डोंगर बेसॉल्टचा. त्याच्या पोटातून १९१६ साली गेलेला १.३ किलोमीटरचा बोगदा बेसॉल्टमधून. मलंगगडाचा सुळका बेसॉल्टचा. पुढे सह्याद्री, पुढे दख्खनचा मोठा भाग: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. घनफळ पाच लाख घन किलोमीटर धरू. त्याचे बाजरीएवढे खडे करायचे ठरवले तर होतात सहावर बावीस शून्यं!

आपल्या पिनियनला हे खडे मोजायला बसवू. दर दाताला एक खडा, सेकंदाला ११,८४०, न थांबता, न झिजता. लागतील सोळा हजार कोटी वर्षं. विश्वाचं वय आहे १,३८० कोटी वर्षं; म्हणजे ते विश्व साडेअकरा वेळा पहिल्यापासून सुरू करून आजपर्यंत आणावं लागेल, आणि तेवढा सगळा वेळ ट्रिगर पूर्ण दाबलेला!