पदराआड राहिलेलं ऊन

फाल्गुनात वसमतच्या शिवारात शिजवलेली हळद वाळत पडते. दहा-पंधरा दिवस कडक ऊन खाल्ल्याशिवाय हळकुंड खणखणीत वाजत नाही. ती हलवणाऱ्या बायकांच्या अंगावर मात्र साडीवरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, तोंडाला रुमाल. उघडी राहतात ती बोटं आणि डोळे. मराठवाड्याचं ऊन अंग भाजतं, तेव्हा त्यांचं काहीच चुकत नाही. पण त्याच उन्हातली 290 ते 315 नॅनोमीटरची किरणं कातडीत ड जीवनसत्त्व घडवतात, आणि ती शर्टावरच अडतात.

ड म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात. मला इथे हृदयाबद्दल सांगायचं आहे. जेमतेम तीनशे ग्रॅमचा हा स्नायू दिवसाला सुमारे 1 लाख ठोके देतो आणि त्यासाठी एटीपी नावाचं इंधन सहा किलोच्या आसपास घडवून लगेच खर्चतो. यातलं निम्म्याहून जास्त चरबीतून येतं, बाकीचं मुख्यतः साखर आणि लॅक्टेटमधून. प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियमची लाट उठते. ती तंतू आवळते आणि इंधन बनवणाऱ्या मायटोकॉण्ड्रियालाही कामाला लावते. आतड्यातून कॅल्शियम नीट रक्तात यायला ड लागतं. शिवाय हृदयाच्या पेशींतही ड ओळखणारे ग्राहक असतात. हे ग्राहक शरीरातून काढून टाकलेल्या उंदरांत रक्तदाब चढवणारं रेनिन वाढतं, असं 2002 मध्ये दिसलं.

तुटवडा टोकाला गेला की काय होतं, हे लंडनच्या डॉक्टरांनी 2008 मध्ये नोंदवलं. हृदय निकामी होत आलेली 16 तान्ही बाळं, सगळी भारतीय उपखंडातल्या किंवा कृष्णवर्णीय घरांतली. तिघं दगावली. बाकीच्यांची हृदयं ड आणि कॅल्शियम दिल्यावर सावरली, पण त्याला सरासरी वर्ष लागलं. आईच्याच अंगात ड नसेल तर दुधात कुठून उतरणार?

आपल्याकडे बाळंतीण अंधाऱ्या खोलीत असते. आजी बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरते. तिची माया खरी, पण सूर्य तिरपा असताना ही किरणं फारशी खाली पोचतच नाहीत. आपली सावली आपल्याहून आखूड झाली की ती मिळतात. दिवाळीच्या दिवसांत हिंगोलीत ही वेळ साधारण दहा ते दोन. तान्ह्या बाळाला त्या उन्हात धरू नये. त्याच्यासाठी पहिलं वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब आहेत, आणि ते चुकवू नयेत.

मोठ्यांचं वेगळं. अमेरिकेत 25,871 जणांपैकी निम्म्यांना सुमारे पाच वर्षं रोज 2000 युनिट दिले. 2018 मध्ये निकाल आला, हृदयविकार कमी झाले नव्हते. म्हणून 60,000 युनिटच्या पुड्या स्वतःच्या मनाने महिनोन् महिने घेणं मला फार धोक्याचं वाटतं. ड अति झालं की रक्तात कॅल्शियम चढतं आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. ज्याला खरोखर तुटवडा आहे त्याने तपासून, डॉक्टरांना विचारून घ्यावं.

पुण्याच्या संशोधकांनी 2017 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. ड कमी असलेल्या काही पुरुषांना त्यांनी रोज किमान 20 मिनिटं जादा दुपारचं ऊन चेहऱ्यावर नि हातांवर घ्यायला लावलं, काहींना गोळी दिली. ड दोघांचंही वाढलं. पण कोलेस्टेरॉल उन्हात बसलेल्यांचं उतरलं, गोळीवाल्यांचं वाढलं. उन्हात एचडीएल हे चांगलं कोलेस्टेरॉलही घटलं, म्हणून त्यावरून घाईने काही ठरवू नये.

हळदीवरच्या बायका दुपारी भाकरी सोडायला बसतात, तेव्हा रुमाल सुटतो. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारायला हीच वेळ बरी. डोक्यावर पदर असू द्यावा.