मेसेज पुढे ढकलण्याआधी

मागच्या वटपौर्णिमेच्या आधी आमच्या मैंदर्गीतल्या बायकांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरला, ‘मणेरांकडून बांगड्या भरू नका.’ कुणी लिहिला, पत्ता नाही. आपल्याकडे मराठी, कानडी, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येते. लेकीच्या लग्नाचा हिरवा चुडा मणेरीणच भरते. तरी दोघी-तिघींनी तो पुढे ढकललाच! शेवटी एका आजींनी विचारलं, “तिनं तुमचं काय वाईट केलंय गं?” कुणाकडेच उत्तर नव्हतं.

‘फॅसिझम’ हा शब्द जड वाटतो, पण त्याची सुरुवात अशीच साधी असते. एकच नेता, एकच विचार, आणि सगळ्या अडचणींचं खापर फोडायला एक शेजारी. इटलीत १९२२ साली मुसोलिनी आणि जर्मनीत १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. १ एप्रिल १९३३ रोजी नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. सुरुवात दुकानापासून झाली आणि १९४५ पर्यंत सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले.

पण विरोधही झाला, आणि तो बायकांनी केला. १९४३ साली बर्लिनमध्ये ज्यू नवऱ्यांना पकडून नेलं, तेव्हा त्यांच्या बायका त्या इमारतीसमोर रोज जमून ‘आमची माणसं परत द्या’ म्हणत राहिल्या. त्यांतले बहुतेक सुटले.

आपल्या सोलापूरलाही दडपशाही ठाऊक आहे. मे १९३० मध्ये इंग्रजांनी इथे मार्शल लॉ लावला. गांधी टोपी घालणंही गुन्हा ठरलं. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी अशी ही नावं आज चार हुतात्मा म्हणून एका दमात घेतली जातात. ते राज्य परक्यांचं होतं, म्हणून ओळखायला सोपं होतं. फॅसिझम आपल्याच माणसांच्या तोंडून बोलतो, म्हणून तो ओळखणं अवघड.

मग आपण काय करायचं? मोर्चाच काढायला हवा असं नाही. खात्री नसलेला मेसेज आपल्यापाशीच थांबवायचा. हळदीकुंकवाला, बचत गटाला सगळ्या आळ्यांतल्या बायकांना बोलवायचं. आणि कुणाला एकटं पाडलं जात असेल, तर तिच्या दुकानात मुद्दाम, चारचौघांत जायचं. एवढं तर आपल्या हातात आहे ना?