सनस्क्रीनमधला रंग कशासाठी?

बाळंतपणानंतर किंवा चाळिशीच्या सुमारास गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी छटा उमटू लागली, की आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी जायफळ उगाळून लावायला सांगते, कुणी बटाट्याची चकती चोळायला. "अगंबाई, वांग आलंय की तुला!" असं भर हळदीकुंकवात ऐकवणाऱ्याही भेटतात. आणि हल्ली एखादी जाऊबाई हातात नळी ठेवते, त्वचेच्या रंगाच्या सनस्क्रीनची. किंमत पाहून तुम्ही म्हणता, "पांढरं आहे ना घरात, मग हे कशाला? नटायला फाउंडेशन काय कमी आहे?"

पण मैत्रिणींनो, वांगाचे डाग असतील तर तो रंग नुसता नटण्यासाठी नसतो.

उन्हातले अतिनील किरण दोन प्रकारचे. 'बी' किरण त्वचा भाजतात. 'ए' किरण अधिक खोल जातात आणि खिडकीच्या काचेतूनही आत येतात. एवढं आपण ऐकलेलं असतं. डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडाकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. अमेरिकेत डेट्रॉईट इथल्या त्वचातज्ज्ञांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. या दिसणाऱ्या उजेडाने सावळ्या त्वचेवर काळसरपणा आला आणि टिकूनही राहिला; गोऱ्यापान त्वचेवर तो उमटलाच नाही. म्हणजे हे दुखणं आपल्यासारख्यांचं!

नेहमीचं सनस्क्रीन हा उजेड फारसा अडवत नाही. सरळ आहे, जे मलम लावल्यावर दिसतच नाही, त्यातून उजेड आरपार जाणारच. तो अडवायला रंग लागतो, आणि तो रंग म्हणजे आयर्न ऑक्साइड, लोखंडाचं भस्मच म्हणा. लाल, पिवळं आणि काळं अशी तिन्ही मिसळून त्वचेची छटा साधतात. आपल्या अंगणातल्या गेरूचा लाल रंगही लोखंडाच्या ऑक्साइडचाच. (म्हणून गेरू तोंडाला फासू नका हं!) मेक्सिकोतल्या वांगाच्या रुग्णांना आठ आठवडे एकच औषध देऊन दोन तऱ्हेची सनस्क्रीन लावायला दिली होती. आयर्न ऑक्साइड असलेलं लावणाऱ्यांचे डाग अधिक फिकट झाले, असं २०१४ साली प्रसिद्ध झालं.

तेव्हा नळी घेताना मागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा. एसपीएफचा आकडा फक्त 'बी' किरणांचा. तीस असेल तर सुमारे ९७ टक्के अडतात, पन्नास असेल तर ९८. त्यापुढच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. 'ए' किरणांसाठी पीएपुढची अधिक चिन्हं पाहा, तीन किंवा चार हवीत. दिसणाऱ्या उजेडासाठी मात्र असा ठरलेला आकडा नळीवर नसतो. म्हणून घटकांच्या यादीत आयर्न ऑक्साइड किंवा ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे आकडे शोधा. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, तो पांढरा. एकट्या त्याने हे काम भागत नाही.

आता खरी मेख. रंगीत मलम आपण फाउंडेशनसारखं ठिपका-ठिपका लावतो, कारण जास्त झालं तर लेप दिसतो. नळीवरचे आकडे मात्र दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम असा भरपूर थर देऊन काढलेले असतात. चेहऱ्याला त्या हिशेबाने साधारण एक ग्रॅम लागतं; तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढा, तेवढं. म्हणजे रोज एकदा लावलं तरी पन्नास ग्रॅमची नळी पन्नास दिवसांत संपायला हवी. तुमची दिवाळीला आणलेली नळी होळीलाही अर्धी असेल, तर ती काटकसर नव्हे. पैसेही गेले आणि डागही राहिले! एकदम लेप नको वाटत असेल तर अर्धं लावा, पाच मिनिटांनी उरलेलं. महाग वाटतं हे खरंच. मग मान-हातांना साधं सनस्क्रीन वापरा आणि रंगीत फक्त चेहऱ्याला ठेवा.

छटा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निवडू नका. जबड्याच्या कडेला लावून दारात, दिवसाच्या उजेडात पाहा. आपल्या वर्णाला फिकी छटा राखाडी दिसते. चेहरा तेलकट असेल, पुटकुळ्या येत असतील तर जेलसारखं हलकं घ्या. कोरडा असेल तर क्रीम. त्वचा नाजूक असेल तर बिनसुगंधी, झिंक ऑक्साइडचं बरं, दिवस गेले असतील तरी डॉक्टर बहुधा तेच सुचवतात. आधी चार दिवस कानामागे लावून बघा.

गच्चीवर कुरडया घालायच्या असतील तर दर दोन तासांनी पुन्हा लावायला हवं, आणि डोक्यावर मोठी टोपी किंवा पदर हवाच. स्कूटरवर स्कार्फ गुंडाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, स्कार्फ सोडताना निम्मं मलम त्यालाच लागतं.

याने डाग मुळापासून जात नाहीत, ते अधिक गडद होऊ नयेत म्हणून हा आडोसा. घालवण्याचं औषध त्वचेच्या डॉक्टरांकडूनच घ्या. औषधाच्या दुकानात "वांगावर काहीतरी द्या" म्हटलं की मिळणाऱ्या क्रीममध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून आपण महिनोन्‌महिने लावत राहतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, आणि क्रीम सोडलं की चेहऱ्याची आग आग होते. असं एखादं चालू असेल तर नळी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

आणि हो, ब्लाऊजच्या गळ्याला डाग पडलेच तर ब्लीचमध्ये बुडवू नका, ते आणखी पक्के होतात. आधी भांड्यांचा लिक्विड साबण चोळा. बोअरच्या पाण्याने नारिंगी झालेल्या डागावर लिंबू लावून अर्ध्या तासाने धुवा. रंगीत कापड असेल तर आधी आतल्या शिवणीवर करून पाहा.