चित्रा : चैत्राला नाव देणारी जुळी तारका

चैत्रात दिल्लीची दुपार तापू लागते, परंतु रात्री अद्याप सुखद असतात. अशा एखाद्या रात्री नऊच्या सुमारास, वाचकहो, आपण घराच्या गच्चीवर जावे व प्रथम उत्तरेकडे सप्तर्षी शोधावेत. सप्तर्षींच्या पतंगाची शेपटी ज्या बाकाने वळली आहे, त्याच बाकाने दृष्टी पुढे नेली, की एक ठळक केशरी तारा लागतो, तो स्वाती. तसेच आणखी पुढे, आग्नेयेकडे गेले, की निळसर पांढऱ्या रंगाची एक एकाकी तारका दिसते. हीच चित्रा. राजधानीच्या धुरकट व दिव्यांनी उजळलेल्या आकाशातही ती हरवत नाही.

या तारकेशी आपल्या प्रत्येक घराचा संबंध आहे. ज्या महिन्यातील पौर्णिमेचा चंद्र हिच्या आसपास असतो, त्या महिन्यास पूर्वजांनी चैत्र हे नाव दिले. गुढी उभारताना आपण जो महिना उच्चारतो, तो हिच्यावरून आला आहे. परंतु जिला आपण युगानुयुगे एक तारका समजत आलो, ती वस्तुतः एक नव्हेच.

एका तेजात दोघे

इ. स. १८९० मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम येथील वेधशाळेत हेरमान फोगेल हे ज्योतिषी चित्रेच्या प्रकाशाचा वर्णपट तपासीत होते. त्या पटातील रेषा किंचित एकीकडे सरकत, पुन्हा माघारी येत व दुसरीकडे जात. आणि हा क्रम दर चार दिवसांनी पुन्हा होई. आगगाडी जवळ येताना तिची शिटी तीव्र वाटते व दूर जाताना खालावते, तद्वतच प्रकाश देणारी वस्तू जवळ येताना तिच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूस व दूर जाताना तांबड्या बाजूस सरकतात. म्हणजे चित्रा कोणाभोवती तरी फेरी घालीत होती. तिला एक सोबती होता, आणि तो इतका निकट की दुर्बिणीतूनही तो निराळा दिसत नव्हता.

आज आपणास हे जोडपे बरेच परिचित झाले आहे. ते आपल्यापासून सुमारे २५० प्रकाशवर्षे दूर आहे. थोरल्या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ११ पट, तर धाकट्याचे सुमारे ७ पट आहे. बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटर दूर असतो. हे दोन महाकाय तारे परस्परांपासून अवघ्या २ कोटी किलोमीटरांच्या आसपास आहेत. समुद्राला जशी चंद्रामुळे भरती येते, तशी या दोघांच्या तप्त वायूलाही परस्परांच्या ओढीने भरती येते आणि त्यांचे आकार अंड्यासारखे लांबट झाले आहेत. त्यामुळे चित्रेचे तेज चार दिवसांच्या फेरीत किंचित कमीजास्त होते, मात्र ते साध्या डोळ्यांना उमगत नाही.

असे जोडपे विरळा असेल, असे मात्र समजू नये. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे आपण हिवाळ्यात पाहतो. त्यांतील सर्वांत पश्चिमेकडचा तारादेखील अनेक उष्ण ताऱ्यांचा समूह असून, त्यातील एक जोडी पावणेसहा दिवसांत फेरी पुरी करते. सर्वांत तप्त व वजनदार ताऱ्यांची पाहणी करून २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला, की त्यांच्यापैकी शेकडा सत्तरांहून अधिक तारे आयुष्यात केव्हा ना केव्हा सोबत्याशी द्रव्याची देवघेव करतात. थोर ताऱ्यांच्या जगात एकटेपणा हाच अपवाद होय.

निळ्या तेजाचे मर्म

लोहाराच्या भट्टीतील लोखंड प्रथम लाल होते, मग पिवळे आणि अखेर पांढरे. ताऱ्यांचेही तसेच. आपल्या सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सियस आहे; चित्रेतील थोरल्या ताऱ्याचे २५,००० अंशांच्या घरात आहे, आणि तो एकटा सूर्याच्या सुमारे वीस हजार पट तेज ओततो.

निळ्या, पिवळ्या व तांबड्या ताऱ्यांचे वर्णपट इतके भिन्न का, हे कोडे विसाव्या शतकाच्या आरंभी सुटलेले नव्हते. ताऱ्यांतील मूलद्रव्येच निराळी असावीत, असे अनेकांस वाटे. ते कोडे सोडविले ढाक्याजवळच्या खेड्यातील एका गरीब दुकानदाराच्या मुलाने. त्याचे नाव मेघनाद साहा. उष्णता वाढली की अणूंतील इलेक्ट्रॉन निसटू लागतात. किती निसटतील, हे तापमान व दाब यांवरून गणिताने काढता येते, असे त्यांनी १९२० मध्ये दाखविले. भेद मुख्यतः द्रव्याचा नव्हे, तर उष्णतेचा होता. चित्रेच्या वर्णपटात हेलियमच्या रेषा ठळक का, याचे उत्तर साहांच्या समीकरणात आहे.

दिल्लीतील तिसरा अंक

याच साहांची व चित्रेची पुन्हा एकदा गाठ पडावयाची होती, आणि ती दिल्लीत. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात सुमारे ३० निरनिराळी पंचांगे चालू होती. महाराष्ट्रात तर वाद घरोघर पोहोचला होता. राशिचक्राचा आरंभ रेवतीतील एका मंद तारकेपासून मोजावा, की चित्रेच्या बरोबर समोरील बिंदूपासून? लोकमान्य टिळकांचा पक्ष पहिला, तर वेंकटेश बापूजी केतकरांचा दुसरा. दोहोंत सुमारे ४ अंशांचे अंतर पडते. ते लहान वाटेल; पण त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक मास निराळा येतो, आणि एकाच गावात शेजारच्या दोन घरांची दिवाळी महिन्याच्या अंतराने होते.

१९५२ मध्ये भारत सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तीत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी होते, तसेच 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर हेही होते. १९५५ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. नागरी व्यवहारासाठी समितीने ऋतूंना धरून चालणारे शक वर्ष सुचविले. आणि धार्मिक गणितासाठी चित्रेच्या समोरील बिंदूस अनुसरून २१ मार्च १९५६ रोजी अयनांश २३ अंश १५ कला असा ठरविला.

त्या दिवसाच्या महिनाभर आधी, १६ फेब्रुवारी १९५६ रोजी, दिल्लीतच राष्ट्रपती भवनातील नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असता साहांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांचे वय ६२ होते. २२ मार्च १९५७ रोजी, शके १८७९ च्या चैत्राच्या पहिल्या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली; ती पाहण्यास ते नव्हते. भारताच्या राजपत्रावर व आकाशवाणीच्या वार्तांत येणारी शक तिथी ही त्यांच्या श्रमांची खूण आहे.

आणि ज्या तारकेवर गणिताचा खुंटा रोवला, ती तरी अढळ आहे काय? सूर्याचे आयुष्य सुमारे हजार कोटी वर्षांचे. चित्रेतील थोरला तारा आपले इंधन इतक्या उधळपट्टीने जाळतो, की त्यास एकूण दोन कोटी वर्षेच लाभावीत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सरली असावीत. तो प्रथम फुगेल, आपले काही द्रव्य सोबत्याच्या पदरी टाकील, आणि बहुधा महास्फोटाने संपेल. मनुष्याच्या पंचांगांना त्यामुळे बाध येण्याचे भय मात्र नाही.

येत्या चैत्री पौर्णिमेस मुलांना सोबत घेऊन आपण गच्चीवर जावे. चंद्राच्या आसपास निळसर ठिपका शोधावा, आणि तो एक नसून दोन आहेत, हे त्यांना सांगावे. ते कसे कळले, असे मुले विचारतीलच. तेव्हा आगगाडीच्या शिटीपासून प्रारंभ करावा.