धरणाकडे पाठ, ज्वारीकडे दुर्बीण

जानेवारीत बीडचे पक्षिमित्र गळ्यात दुर्बीण अडकवून निघतात ते बहुधा बिंदुसरेच्या नाहीतर माजलगावच्या धरणाकडे. थापट्या, चक्रवाक अशी पाहुणी बदकं पाण्यावर उघडी दिसतात, मोजायलाही सोपी. आशियाई पाणपक्षी गणनासुद्धा १९८७ पासून याच महिन्यात होते. पण बालाघाटाच्या पठारावर हिवाळी पाहुण्यांचा खरा जथा पाहायचा तर ज्वारीच्या रानात जावं.

तिथं भोरड्या असतात. कणसं चिकात आली, हुरड्याचे दिवस लागले की राखणदाराला उसंत नसते. माळ्यावरून गोफण गरगरते, धोंडा सुटतो आणि अख्ख्या रानावरून काळं वादळ उठतं. वळतं, विरळ होतं, पुन्हा दाटतं आणि शेजाऱ्याच्या पट्टीत उतरतं. एवढ्या गर्दीत एकमेकांना धडक कशी बसत नाही? रोममध्ये भोरडीच्या चुलतबहिणीचे, युरोपीय मैनेचे थवे कॅमेऱ्यांनी मोजले गेले. २००८ साली निष्कर्ष आला: प्रत्येक पक्षी जवळच्या सरासरी सहा-सात जणांचाच अंदाज घेतो, मग ते हातभर लांब असोत की चार हात. म्होरक्या कुणीच नसतो. त्या चमूतले जॉर्जो पॅरिसी पुढे २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले.

थवा बाभळीवर टेकला की दुर्बीण लावावी. डोकं, पंख, शेपूट काळी. पाठ-पोट गुलाबी, हिवाळ्यात जरा मळकट. अधूनमधून मातकट अंगाचे, पिवळसर चोचीचे पक्षी दिसतात. ती त्याच वर्षीची पिल्लं. नवखा माणूस त्यांना हमखास वेगळी जात समजतो.

शेतकऱ्याच्या लेखी भोरडी म्हणजे नुकसान, आणि ते खोटं नाही. मात्र एप्रिलपर्यंत हे थवे मध्य आशियाची वाट धरतात. तिथं खडकांच्या कपारीत वसाहती होतात, त्याही जिथं टोळ-नाकतोडे मुबलक तिथंच, कारण पिल्लांचा चारा तोच. चीनच्या शिनजियांगमध्ये टोळ आवरावेत म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून ठेवतात! आपल्या रानातही त्या किडे खातातच, पण हातात गोफण असताना ते कोण मोजणार?

पहिला थवा कधी उतरला, यंदा भोरड्या कमी की जास्त, रात्रीचा मुक्काम कुठल्या बाभळवनात, हे राखणदाराला पाठ असतं. मराठवाड्यात कापूस, सोयाबीन, ऊस वाढले, ज्वारीचा पेरा घटला. तेव्हा भोरड्यांनी काय केलं, हे पक्षिमित्रांनी माळ्याखाली बसूनच विचारायला हवं. हुरडा मिळेल तो वेगळाच.