कल्याण स्थानकावरचा पोलिओ रविवार

सकाळी ५.३०
पोळ्या लाटून होतात तरी बाहेर अंधारच असतो. डबा आणि पाण्याच्या दोन बाटल्या भरून घेते. पल्स पोलिओच्या रविवारी फलाट सोडता येत नाही. सासूबाई विचारतात, "अगं, आता कुठं राहिलाय पोलिओ?" प्रश्न बरोबरच आहे. मूळच्या पोलिओ विषाणूची देशातली शेवटची रुग्ण हावड्याची दोन वर्षांची मुलगी होती, जानेवारी २०११ मधली. २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्रही मिळालं. "संध्याकाळी सांगते," म्हणून चप्पल घालते.

७.००
आरोग्य केंद्रावर बाटल्या मोजून घ्यायच्या, सही करायची. व्हॅक्सिन कॅरियरमध्ये चारी बाजूंना आईसपॅक आणि मधे बाटल्या. एकेकीत वीस डोस. मी प्रत्येक बाटली हातात घेऊन लेबल वाचते, मुदत बघते, मग व्हीव्हीएम, म्हणजे बाटलीला उष्णता लागली का ते दाखवणारी खूण. लेबलावरच्या गोलात एक चौकोन असतो. तो गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. उष्णता लागली की तो गडद होत जातो आणि गोलाच्या रंगाला पोचला की बाटली बाद. लेबल वाचण्याची सवय आधीपासूनच होती, पण ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना लशीऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं, तेव्हापासून मी टेबलावर दुसरी कुठलीच बाटली ठेवू देत नाही.

८.१५
शाळेतल्या, देवळातल्या बूथवर आया मुलं घेऊन येतात. आम्ही ट्रान्झिट टीम. आम्हाला मुलांमागे जावं लागतं. कल्याणला कसाऱ्याची आणि कर्जतची वाट फुटते, म्हणजे उत्तरेकडून येणाऱ्या आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या इथं थांबतात. पवन, कामायनी, महानगरी... या नावांवर आमचा दिवस चालतो.

गाडी लागली की मी पुढच्या जनरल डब्याकडे आणि जोडीदारीण मागच्या. आधी डाव्या हाताची करंगळी बघायची. शाईची खूण असेल तर पुढं. नसेल तर आईला विचारायचं, मूल पाच वर्षांच्या आतलं आहे ना. मग मान जरा मागं, गाल हलके दाबायचे, दोन थेंब. बाटलीचं टोक ओठाला लागता कामा नये. थुंकलं तर परत द्यायचे. करंगळी पुसून नखावर मार्कर, टॅली शीटवर एक रेघ. गाडी हलायच्या आत खाली उतरायचं. खिडकीतून एखादं उघड्या करंगळीचं पोर दिसतं आणि गाडी निघून जाते, तेव्हा पोटात कालवतं. ते पुढच्या स्थानकावर कुणाला सापडेल, असं म्हणून पुढच्या गाडीकडे वळते.

एक आई पोराला पदराखाली घेते. "बुखार आयेगा, दीदी." मी खाली बसते. मागच्या वेळी काय झालं होतं, ते विचारते. ताप दुसऱ्याच कशाने आला होता, हे तिचं तिलाच बोलता बोलता आठवतं. घाई केली असती तर ती बोललीच नसती.

११.००
डोंबिवलीचं एक कुटुंब गावाला निघालेलं. वडील नम्रपणे सांगतात, "आमच्या डॉक्टरांकडे इंजेक्शन झालंय." त्यांना खरं तेच सांगते. इंजेक्शनने तुमच्या बाळाचे पाय वाचतात. तोंडावाटे दिलेली लस आतड्यात काम करते, तिथं विषाणूला वाढू देत नाही, म्हणून तो तुमच्या बाळाकडून शेजारच्या बाळाकडे जात नाही. दोन्ही हवं. ते थोडा विचार करून मुलीला पुढं करतात.

आणखी एक गोष्ट लपवायची नसते. थेंबांतला विषाणू दुबळा केलेला, पण जिवंत असतो. जिथं पुष्कळ मुलं लशीविना राहतात, तिथं तो मुलामुलांतून फिरत राहतो आणि बदलून पुन्हा घातक होऊ शकतो. म्हणूनच २०१६ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रकारचा विषाणू लशीतून काढला. म्हणूनच वस्तीतलं एकही मूल सोडायचं नाही.

१.३०
फलाटाच्या टोकाला डबा. जोडीदारीण खाते तेव्हा मी उभी राहते, मग अदलाबदल. जेवताना माझी मावसबहीण आठवते. ती चप्पल घेताना दोन जोड घेते, एक पाचचा, एक तीनचा. डाव्या पायाचं माप तिसऱ्या वर्षीच्या पोलिओच्या तापानंतर वाढलंच नाही. दुकानदार दरवेळी विचारतो, दुसरा जोड कुणासाठी.

३.००
मोबाइल टीमचा फोन. ते भिवंडी-टिटवाळ्याकडच्या वीटभट्ट्यांवर आहेत. कातकरी कुटुंबं भट्टीच्या हंगामापुरती तिथं राहतात. घराला नंबर नाही, यादीत नाव नाही. मुलं विटांच्या थप्प्यांमागे खेळत असतात, एकेकाला शोधून आणावं लागतं. त्यांच्याकडची लस संपत आलीय. दोन बाटल्या कुणाहाती पाठवायच्या, यात अर्धा तास जातो.

५.३०
केंद्रावर टॅली जुळवणं. रिकाम्या, उघडलेल्या, न उघडलेल्या बाटल्या वेगळ्या. सुपरवायझर मॅडम नव्या मुलींना मुंबईच्या सांडपाण्याची गोष्ट सांगतात, मी ती दरवेळी ऐकते. २००१ पासून नमुने परळच्या प्रयोगशाळेत जातात. लागण झालेल्या साधारण दोनशे मुलांत एकालाच लुळेपण येतं, बाकीची खेळत-बागडत विषाणू पसरवतात. म्हणून रुग्णाच्या आधी गटार बोलतं. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात लशीतून बदललेला विषाणू सापडला, त्याच वर्षी न्यू यॉर्कजवळ एक तरुण लुळा पडला. २०२४ मध्ये गाझात २५ वर्षांनी पहिलं बाळ. पाकिस्तान-अफगाणिस्तानात तर मूळचा विषाणूच अजून आहे.

८.००
सासूबाईंना हे सगळं सांगते. त्या ऐकून घेतात आणि विचारतात, "मग उद्या सुट्टी?"

उद्यापासून घरभेटी. माझ्या भागातल्या एका चाळीत मागच्या फेरीला एका दारावर 'एक्स', म्हणजे मूल राहून गेलं, असं लिहावं लागलं होतं. दोघं नवरा-बायको बांधकामावर जातात, पोराला बरोबर नेतात, दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलंय की सातच्या आत आलात तर भेटतील. गजर पाचचा लावते.